रक्त चढतानाची पहिली पंधरा मिनिटं

रक्त चढत असताना रुग्णाला काहीही वेगळं जाणवायला लागलं, तर परिचारिकेनं सगळ्यात आधी काय करायचं हे ठरलेलं आहे. रक्त बंद करायचं. वेग कमी करून ‘बघू जरा वेळ’ म्हणायचं नाही, डॉक्टर येईपर्यंत थेंब थेंब चालू ठेवायचं नाही. नळीवरचा रोलर फिरवून पूर्ण बंद करायचा आणि मग डॉक्टरांना फोन करायचा. रक्त बंद करायला परिचारिकेला कुणाची परवानगी लागत नाही. पुन्हा सुरू करायला मात्र लागते.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे आणि घाईत तीच चुकते. शिरेतली सुई काढायची नाही. ब्लड प्रेशर कोसळलं की हातावरच्या शिरा दिसेनाशा होतात, तेव्हा हाताशी असलेली ही एक वाट पुढच्या तासाभरात जीव वाचवू शकते. पण म्हणून त्याच नळीला सलाईन जोडायचं नाही, कारण नळीत काही मिलिलिटर रक्त उरलेलं असतं आणि सलाईन तेच रक्त पुढे ढकलून शरीरात पोचवतं. ज्याच्यापासून रुग्णाला वाचवायचं, तेच आपण आपल्या हातानं आत सोडतो. ब्लड सेट सुईपासून सोडवायचा, त्याचं टोक झाकायचं, नवा सेट लावून नॉर्मल सलाईन सुरू करायचं. रक्ताची अर्धी बॅग नळीसकट जपून ठेवायची. वॉर्ड आवरण्याच्या घाईत ती पिवळ्या पिशवीत गेली, तर नेमकं काय घडलं हे शोधण्याचा सगळ्यात मोठा पुरावा गेला.

इतकी घाई का, हे समजायला 1901 सालच्या व्हिएन्नात जावं लागतं. कार्ल लँडस्टायनर यांनी आपल्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त घेतलं, एकाच्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळून पाहिल्या. काही जोड्यांमध्ये पेशी निवांत तरंगत राहिल्या, काहींमध्ये त्यांच्या गुठळ्या झाल्या. त्यातून रक्ताचे तीन गट निघाले. चौथा एबी गट त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी दाखवला. या कामासाठी लँडस्टायनर यांना 1930 साली नोबेल मिळालं.

या गटांची एक गोष्ट विलक्षण आहे. बहुतेक रोगांविरुद्धची प्रतिपिंडं तो रोग किंवा त्याची लस शरीरानं पाहिल्यावर तयार होतात. पण ज्याच्या पेशींवर ‘ए’ची खूण नाही, त्याच्या रक्तात ‘ए’विरुद्धची प्रतिपिंडं तान्हेपणाच्या पहिल्या काही महिन्यांतच तयार होऊ लागतात. त्यानं आयुष्यात कधीही परकं रक्त घेतलेलं नसलं तरीही. म्हणजे ओ गटाच्या माणसाला चुकून ए गटाची बॅग लावली, तर शरीर आधीच सज्ज असतं. प्रतिपिंडं परक्या पेशींना चिकटतात आणि रक्तातली काही प्रथिनं त्या पेशींना भोकं पाडतात. पेशी शिरेतच फुटतात, त्यांच्यातलं हिमोग्लोबिन मोकळं होऊन रक्तद्रवात पसरतं. ब्लड प्रेशर घसरतं, मूत्रपिंडं बंद पडू लागतात, रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते आणि जखमांतून, सुईच्या टोचांतून रक्त झिरपायला लागतं. हे सगळं काही मिनिटांत सुरू होतं. त्यासाठी अख्खी बॅग जावी लागत नाही. दहा ते पन्नास मिलिलिटर चुकीचं रक्तसुद्धा गंभीर प्रतिक्रियेला पुरतं, आणि पुढे गेलेल्या प्रत्येक मिलिलिटरबरोबर धोका वाढत जातो. रोलर बंद करण्याची घाई ती याचसाठी.

गंमत अशी की या प्रतिक्रियेचं वर्णन लँडस्टायनरच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी लिहून ठेवलेलं आहे. 1667 साली पॅरिसमध्ये झाँ-बाप्तिस्त दनी या डॉक्टरनं माणसाला प्राण्याचं रक्त देण्याचे प्रयोग केले. मॉरवा नावाच्या एका मनोरुग्णाला त्यानं वासराचं रक्त दिलं. दुसऱ्या खेपेला त्या माणसाच्या हातात उष्णता चढली, नाडी जोरात चालू लागली, घाम फुटला, कमरेत दुखायला लागलं, उलट्या झाल्या आणि नंतर त्याची लघवी धुराड्यातल्या काजळीसारखी काळी झाली. दनीनं जे पाहिलं ते प्रामाणिकपणे नोंदवलं, पण त्याचा अर्थ त्याला कळण्याचा काळ अजून आलेला नव्हता. आज कुठल्याही वॉर्डातली परिचारिका ही यादी वाचून सांगेल की पेशी शिरेत फुटताहेत. हातातली आग, कमरेतली कळ आणि लघवीचा बदललेला रंग या तीन गोष्टी आजही तिला तितक्याच बारकाईनं पाहाव्या लागतात.

आता प्रश्न असा की रक्तगट शोधून सव्वाशे वर्षं होत आली, प्रत्येक बॅगेचं क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाच्या रक्ताशी जुळवणी, होते, मग चुकीचं रक्त जातंच कसं? प्रयोगशाळेतली चूक त्याला त्या मानानं कमी वेळा कारण असते. ब्रिटनमध्ये 1996पासून अशा घटनांच्या नोंदी नियमितपणे होतात आणि त्या पुन्हापुन्हा एकच सांगतात: गडबड होते ती माणूस ओळखण्यात. ती दोन जागी होते. पहिली जागा म्हणजे क्रॉसमॅचसाठी रक्ताचा नमुना घेताना. चार रुग्णांचे नमुने घेतले, नळ्या खिशात टाकल्या आणि टेबलाशी येऊन नावं लिहिली, की चूक पेरली गेली. त्यानंतर रक्तपेढी आपलं काम कितीही चोख करो, ती चुकीच्या माणसासाठी चोख झालेलं असतं. म्हणून नळीवरचं नाव खाटेजवळच, रुग्णासमोरच लिहायचं. दुसरी जागा म्हणजे बॅग लावतानाचा क्षण, आणि तिथे परिचारिका ही शेवटची चौकी असते. तिच्यानंतर चूक पकडणारं कुणी नाही.

आपल्याकडच्या वॉर्डात ही ओळख पटवणं दिसतं तितकं सोपं नाही. प्रसूती वॉर्डात एकाच वेळी दोन सुनीता पवार असणं अजिबात दुर्मीळ नाही. आडनाव एक, नाव एक, फरक काय तो नवऱ्याच्या नावात. त्यात एखादीच्या आधार कार्डावर माहेरचं नाव आणि केसपेपरवर सासरचं. जुन्या वळणाच्या आजी नवऱ्याचं नाव घ्यायला लाजतात, म्हणजे जो एक शब्द दोघींना वेगळं करणार तोच तोंडातून निघत नाही. शिवाय तापानं ग्लानीत असलेल्या, घाबरलेल्या माणसाला ‘तुम्ही सुनीता पवार ना?’ असं विचारलं तर तो ‘हो’ म्हणतो. पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला नाही म्हणायची आपल्याला सवयच नाही. म्हणून प्रश्न उलटा विचारायचा असतो. ‘ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं.’ आजींनी नवऱ्याचं नाव टाळलं तर मनगटावरची पट्टी आणि नोंदणी क्रमांक पाहायचा, लेकीला विचारायचं. नाव जुळतंय तेवढ्यावर कधीही थांबायचं नाही.

ही पडताळणी प्रत्यक्षात कशी दिसते? दोन परिचारिका, किंवा परिचारिका आणि डॉक्टर, खाटेच्या दोन बाजूंना उभे असतात. एकीच्या हातात बॅग, दुसरीच्या हातात केसपेपर आणि क्रॉसमॅचचा कागद. एक जण बॅगेवरचा क्रमांक एकेक आकडा मोठ्यानं वाचते, दुसरी कागदावर बोट ठेवून जुळवते. मग रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट, बॅगेची मुदत. मग बॅग उजेडाकडे धरून पाहायची. रक्तात गुठळ्या नाहीत ना, रंग काळपट-जांभळा झालेला नाही ना, वरच्या द्रवात लाली उतरलेली नाही ना, कुठे गळती नाही ना. मग कागदावर दोघींच्या सह्या आणि वेळ. या सगळ्याला दोन-तीन मिनिटं लागतात. हे काम नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर उरकून मग एकटीनं बॅग घेऊन खाटेकडे जाणं म्हणजे पडताळणी न करण्यासारखंच आहे. टेबल ते खाट या वीस पावलांत बॅग शेजारच्या सुनीताकडे जाऊ शकते. फ्रान्समध्ये तर लावण्याआधी खाटेजवळच एका छोट्या कार्डावर रुग्णाचं आणि बॅगेतलं रक्त तपासून पाहण्याचा दंडक आहे. तिथल्या लोकांनी शेवटच्या वीस पावलांची धास्ती किती मनावर घेतली आहे, ते यावरून दिसतं.

मुंबईनं या विषयाला एक स्वतःचा धडा दिला आहे. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची माहिती छापली. त्याला पुढे जगभर ‘बॉम्बे’ हेच नाव मिळालं. या लोकांच्या पेशींवर ए नाही, बी नाही, आणि या दोहोंचा पाया असलेला ‘एच’ नावाचा घटकही नाही. तो एच ओ गटाच्या माणसात भरपूर असतो. साध्या तपासणीत बॉम्बे गटाचा माणूस ओ गटाचा वाटतो. पण त्याला ओ गटाचं रक्त दिलं, तर त्याच्या अंगातली एचविरुद्धची प्रतिपिंडं त्या पेशी फोडतात. ओ गट म्हणजे सगळ्यांना चालणारं रक्त, हा समज इथे साफ खोटा ठरतो. मुंबईत साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा सापडतो. पेशींबरोबर रक्तद्रवाचीही तपासणी केली, तर हा गट पकडला जातो. तरीही खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेनं यातून घ्यायचा बोध एकच: कागदावर सगळं जुळलं, तरी पहिली पंधरा मिनिटं रुग्णापाशी थांबायचंच.

या पंधरा मिनिटांत काय करायचं असतं? रक्त सुरू करण्याआधी ताप, नाडी, श्वास, ब्लड प्रेशर मोजून लिहून ठेवायचं. हे आधीचे आकडे नसतील तर नंतरच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. मग रक्त अगदी सावकाश सुरू करायचं आणि पहिल्या पाव तासात जास्तीत जास्त पन्नास मिलिलिटर जाऊ द्यायचं. पंधरा मिनिटांनी पुन्हा सगळं मोजायचं आणि ठीक असेल तर वेग वाढवायचा. पुढे दर तासाला मोजत राहायचं, आणि रक्त संपल्यावरही एकदा. या मोजमापाइतकंच मोल रुग्णाच्या बोलण्याला आहे. ‘सिस्टर, हातात आग होतेय.’ ‘कंबर का दुखतेय कळत नाही.’ ‘मला काहीतरी होतंय.’ यातलं शेवटचं वाक्य फार वेळा झटकलं जातं. काहीतरी भयंकर घडणार आहे अशी अचानक दाटून आलेली भीती हे पेशी फुटण्याचं एक ओळखीचं लक्षण आहे, आणि ते पुस्तकात ताप-थंडीच्या बरोबरीनं लिहिलेलं असतं. रुग्ण घाबरट आहे असं ठरवायच्या आधी रोलर बंद करायचा.

ज्यांना बोलता येत नाही त्यांचं काय? भूल दिलेल्या रुग्णाला कंबर दुखल्याचं सांगता येत नाही. तिथे जखमेतून अचानक वाढलेला रक्तस्राव, विनाकारण घसरलेलं ब्लड प्रेशर आणि लघवीच्या पिशवीत उतरलेला लाल-तपकिरी रंग एवढ्याच खुणा असतात. तान्ह्या बाळाचं रडणं आणि अंगाचा रंग पाहायचा. आणि एक अडचण खास आपली आहे. गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये सिकलसेलच्या रुग्णांना वरचेवर रक्त लागतं. त्यातल्या कितीतरी जणांची बोली माडिया, गोंडी, पावरी किंवा भिली आहे. ‘काही त्रास होतोय का?’ या मराठी प्रश्नाला ते मान हलवतात, आणि ती मान कशासाठी हलली हे कुणालाच ठाऊक नसतं. तिथे त्या बोलीतले ‘खाज’, ‘थंडी’, ‘कळ’, ‘दम’ हे चार शब्द ज्या परिचारिकेला येतात, तिची रुग्णाला किती मदत होते ते सांगायला नको. थॅलेसेमियाच्या मुलांच्या आया तर आपल्या लेकरांच्या बाबतीत तज्ज्ञच असतात. दर दोन-चार आठवड्यांनी त्या मुलाला रक्त देताना बघतात. ‘आज हा नेहमीसारखा नाही’ असं आई म्हणाली, की ती तपासायची बाब झाली.

प्रतिक्रिया म्हणजे प्रत्येक वेळी पेशी फुटणंच असतं असं नाही, आणि सुदैवानं बहुतेक वेळा नसतंच. सगळ्यात सौम्य प्रकार अंगावर पित्त उठण्याचा. गांध्या येतात, खाज सुटते, पण ताप नाही, दम नाही, ब्लड प्रेशर नीट. दात्याच्या रक्तद्रवातल्या कुठल्यातरी प्रथिनाची ही ॲलर्जी. रक्त थांबवतात, डॉक्टर ॲव्हिलसारखं औषध देतात, गांध्या बसल्या की तीच बॅग सावकाश पुन्हा सुरू करता येते. तीच बॅग पुन्हा लावता येते असा हा एकच प्रकार. पण त्याच ॲलर्जीचं उग्र रूप रुग्णाला काही क्षणांत गाठतं: घसा आवळतो, छातीत शिट्ट्या वाजतात, ब्लड प्रेशर पडतं. तिथे ॲव्हिल पुरत नाही. तिथे औषध एकच, ॲड्रिनलिन, मांडीच्या स्नायूत, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम. रक्त लावण्याआधी हे इंजेक्शन ट्रेमध्ये आहे का हे पाहून ठेवणारी परिचारिका मला सगळ्यात शहाणी वाटते.

याच संदर्भात एक जुनी सवय मोडायला हवी. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी रक्त लावण्याआधी सरसकट ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन देतात. सगळ्यांना सरसकट दिलेल्या या औषधांनी प्रतिक्रिया टळतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट औषध देऊन झालं म्हणून लक्ष ढिलं पडतं. ज्याला आधी ॲलर्जी झालेली आहे, त्याची गोष्ट वेगळी.

तापाचा प्रकार फसवा आहे. आधीच्या आकड्यापेक्षा तापमान एक अंश सेल्सिअसनं, म्हणजे साधारण दोन अंश फॅरनहाइटनं वाढलं आणि 100.4च्या पुढे गेलं, थंडी वाजली, तर बहुधा कारण साधं असतं. बॅगेत उरलेल्या पांढऱ्या पेशींनी साठवणीच्या काळात सोडलेली रसायनं ताप आणतात आणि पॅरासिटामॉलनं तो उतरतो. पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं रक्त दिलं तर हा त्रास बराच कमी होतो. पण पेशी फुटायला लागतात तेव्हाही सुरुवात थंडी-तापानंच होते. बॅगेत जंतू वाढले असतील तेव्हाही थंडी-तापच येतो, फक्त जास्त जोरात, आणि पाठोपाठ रुग्ण शॉकमध्ये जातो. पहिल्या पाच मिनिटांत हे तीन ताप वेगळे ओळखण्याचा मार्ग कुणाकडेच नाही. म्हणून ताप आला की रक्त बंद. गोळी देऊन चालू ठेवायचं नाही.

जंतूंचा विषय निघालाच आहे तर बॅगेच्या प्रवासाबद्दल सांगायला हवं. तांबड्या पेशी 2 ते 6 अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात, जंतूंना तिथे वाढायला अवघड जातं. प्लेटलेट मात्र 20 ते 24 अंशांत, सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि जंतूंना ते तापमान आवडतं. म्हणून त्यांची मुदत पाचच दिवसांची, आणि प्लेटलेट देताना ताप आला तर परिचारिकेनं जास्तच सावध व्हायचं. आपल्याकडे रक्तपेढीतून बॅग आणायला पुष्कळदा नातेवाईकच जातात. थर्माकोलच्या डब्यात बॅग थेट बर्फावर ठेवली तर पेशी गोठून फुटतात. वाटेत चहाला थांबले तर बॅग तापते. वॉर्डातल्या इंजेक्शनच्या फ्रिजमध्ये ती ‘थोडा वेळ’ ठेवणंही चूक, कारण त्या फ्रिजचं तापमान कुणी मोजत नसतं. बॅग थंड आहे म्हणून गरम पाण्यात बुडवण्याचा उद्योग तर कधीच करू नये. बॅग फ्रिजबाहेर आल्यापासून अर्ध्या तासात सुरू व्हायला हवी आणि चार तासांत संपायला हवी. नाही संपली तर उरलेलं रक्त सोडून द्यायचं. नळीतून रक्ताबरोबर नॉर्मल सलाईनशिवाय दुसरं काही जाऊ द्यायचं नाही. ग्लुकोजच्या बाटलीनं पेशी फुगून फुटतात, रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियमनं गुठळ्या होऊ शकतात.

सगळ्यात कमी चर्चा होते ती दम लागण्याची, आणि जीव तर त्यानंच जास्त जातात. समजा, साठी ओलांडलेली, महिनोन्महिने अंगात रक्त कमी असलेली बाई दाखल झाली. हिमोग्लोबिन चार. शरीरानं त्या कमतरतेशी जमवून घेतलेलं असतं, हृदय आधीच थकलेलं असतं. घरचे म्हणतात, ‘दोन बाटल्या एकदम चढवून टाका, म्हणजे उद्या घरी नेता येईल.’ दोन बॅगा पाठोपाठ जातात आणि हृदयाला तो लोट पेलत नाही. फुप्फुसांत पाणी उतरतं. बाई उठून बसायला धडपडते, खोकते, मानेच्या शिरा फुगतात, ब्लड प्रेशर वाढतं. इथे तिला उठवून बसवायचं, पाय खाली सोडायचे, ऑक्सिजन लावायचा आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून जादा पाणी लघवीवाटे काढणारं लॅसिक्स द्यायचं. आता दुसरा रुग्ण घ्या. त्यालाही रक्त सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत तसाच दम लागतो, एक्स-रेमध्येही फुप्फुसं तशीच पांढरी दिसतात. पण इथे दात्याच्या रक्तद्रवातली प्रतिपिंडं रुग्णाच्या पांढऱ्या पेशींना डिवचतात आणि त्या पेशी फुप्फुसांच्या केशवाहिन्या जखमी करतात. ही प्रतिपिंडं अनेक बाळंतपणं झालेल्या दात्यांमध्ये जास्त सापडतात. ब्रिटननं 2003च्या सुमारास शक्य तिथे फक्त पुरुषांचाच प्लाझ्मा वापरायला सुरुवात केली, त्यानंतर हा प्रकार तिथे बराच कमी झाला. या रुग्णाचं ब्लड प्रेशर बहुधा घसरलेलं असतं, ताप असतो, आणि त्याला लॅसिक्स दिलं तर हाल वाढू शकतात. त्याला ऑक्सिजन लागतो, कधी व्हेंटिलेटर. दोघांत फरक करणारा सगळ्यात पहिला आणि सगळ्यात स्वस्त पुरावा म्हणजे परिचारिकेनं चार्टवर लिहिलेलं ब्लड प्रेशर, दम लागण्याच्या आधीचं आणि नंतरचं. मध्यरात्री धावत आलेला निवासी डॉक्टर त्या दोन आकड्यांवर उपचाराची दिशा ठरवतो. ते आकडे अंदाजानं भरलेले असतील तर तो आंधळा होतो.

रक्त थांबवलं, सलाईन लावलं, डॉक्टर आले. परिचारिकेचं काम तरीही संपत नाही. बॅगेवरचं नाव, क्रमांक, गट पुन्हा रुग्णाशी जुळवून पाहायचे. इथे चूक सापडली तर आणखी एक काम तातडीचं आहे: या रुग्णाची बॅग कुणाला लागली आहे का ते शोधायचं, कारण अदलाबदल झाली असेल तर दुसरी सुनीता पलीकडच्या खाटेवर त्याच संकटात असू शकते. मग दुसऱ्या हातातून ताजे नमुने घ्यायचे, बॅग आणि सेट रक्तपेढीकडे पाठवायचे, पहिली लघवी तपासणीला द्यायची. रक्तपेढीत रक्ताचा तो ताजा नमुना फिरवल्यावर वरचा द्रव गुलाबी-लाल दिसला, तर पेशी फुटल्याचा संशय बळावतो. कूम्ब्स चाचणीत पेशींना चिकटलेली प्रतिपिंडं सापडतात. वॉर्डात दर तासाला लघवी मोजत राहायचं, कारण मूत्रपिंडं वाचताहेत की नाही हे तीच सांगते.

आणि मग फॉर्म भरायचा. भारतात 10 डिसेंबर 2012 रोजी हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू झाला. नोएडातली राष्ट्रीय जैविक संस्था तो चालवते. रक्ताच्या प्रतिक्रियेची माहिती ठरलेल्या फॉर्मवर तिथपर्यंत पोचावी अशी अपेक्षा आहे. हा फॉर्म दोषी शोधायला नाही, नमुने शोधायला आहे. पण वॉर्डात तो भरायची भीती वाटते, कारण पहिला प्रश्न ‘ड्युटीवर कोण होतं?’ असाच येतो. वर्षभरात आमच्याकडे एकही प्रतिक्रिया झाली नाही असं एखादं रुग्णालय अभिमानानं सांगतं, तेव्हा मला तिथल्या नोंदवहीची काळजी वाटते. पित्त आणि साधा ताप इतके नेहमीचे आहेत की भरपूर रक्त लागणाऱ्या ठिकाणी वर्षभर एकही प्रतिक्रिया नाही, हे पटणारं नाही.

काही प्रतिक्रिया रुग्ण घरी गेल्यावर येतात. पूर्वीच्या रक्तामुळे किंवा बाळंतपणामुळे अंगात राहिलेली जुनी प्रतिपिंडं जागी होतात आणि तीन ते चौदा दिवसांनी डोळे पिवळे पडतात, हिमोग्लोबिन पुन्हा उतरतं. ही बाब डिस्चार्जच्या वेळी सांगायला हवी, बहुतेक ठिकाणी ती सांगितली जात नाही. आणखी एक दुर्मीळ पण भयंकर प्रकार आहे आणि तो नेमका आपल्या मायेच्या पोटी येतो. ‘परक्याचं नको, माझ्या भावाचंच रक्त द्या’ असा आग्रह आपल्याकडे नेहमीचा. जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला इतक्या सारख्या वाटतात की ते त्यांना हाकलत नाही. त्या रुजतात आणि रुग्णाच्याच त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर, अस्थिमज्जेवर हल्ला करतात. हा आजार झालेला माणूस क्वचितच वाचतो. किरणोत्सर्गानं त्या पेशी निकामी करूनच असं रक्त द्यावं लागतं. ती सोय नसेल तर स्वेच्छेनं रक्तदान करणाऱ्या अनोळखी माणसाचं, नीट तपासलेलं रक्त सख्ख्या भावाच्या रक्तापेक्षा सुरक्षित असतं.

हे सगळं कागदावर लिहिणं सोपं आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. पण प्रत्यक्षात रात्रपाळीत एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा असणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. तिला पंधरा मिनिटं एका खाटेशी थांबा असं सांगताना उरलेल्या एकोणचाळीस जणांचं काय, याचं उत्तर व्यवस्थापनानं द्यायला हवं. निदान एवढं तर लगेच करता येईल: ज्याला तातडी नाही ते रक्त रात्री लावायचं नाही, आणि ड्युटी बदलण्याच्या वेळेला तर मुळीच नाही. दिवसा हाताशी माणसं असतात, डॉक्टर असतात, उजेड असतो.

तुमच्या घरातल्या कुणाला रक्त चढत असेल, तर सिस्टरनं तिसऱ्यांदा नाव विचारलं म्हणून वैतागू नका, तिसऱ्यांदाही पूर्ण नाव सांगा. पूर्वी कधी रक्त घेताना त्रास झाला असेल तर तो आधीच सांगा. लवकर आटपावं म्हणून रोलरला हात लावू नका. खाज, थंडी, कंबरदुखी, दम यातलं काहीही जाणवलं तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता त्या क्षणी हाक मारा. आणि सिस्टर रक्त बंद करून नवी नळी लावायला लागल्या, तर ‘बाटली वाया जाईल’ म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका.